सहा बारच्या आत

भोसरी, पुणे

चि. सोनू,



तुझी लांबलचक मेल वाचली. रोबोकॉनच्या, म्हणजे कॉलेजांच्या रोबो स्पर्धेच्या, टीमची कप्तान झालीस हे तुझ्या आईने फोनवर सांगितलं तेव्हाच आनंद झाला होता. मेल वाचून अभिमान वाटला, आणि काळजीही. अभिमान अशासाठी की टीममध्ये वाद झाला तेव्हा 'मी सांगते म्हणून' असं न म्हणता तू कारण शोधायला निघालीस. काळजी कशाची, ते सविस्तर लिहितो. हे फोनवर बोलून विसरून जाण्यासारखं नाही, आणि तुला टीमसमोर वाचून दाखवता यावं म्हणून मुद्दाम लिहून काढतोय.

तुझ्या टीममधल्या दोघांचं म्हणणं असं, की नियमपुस्तकात हवेच्या दाबाला ६०० किलोपास्कल, म्हणजे सहा बारची मर्यादा आहे ती स्पर्धेपुरती. वर्कशॉपमधला कॉम्प्रेसर त्याच्या बराच वर जातो. मग सरावात आठ बार भरून पाहिलं तर काय बिघडलं? तिथे कोण परीक्षक बसलेत? तिसऱ्याला पीव्हीसी पाइपची टाकी स्वतः बनवायची आहे, कारण ती स्वस्त पडते आणि हवी तेवढी लांब करता येते. आणि तुला स्वतःला वाटतं की असे नियम मुलांच्या कल्पनाशक्तीला लगाम घालतात.

आधी सरावाचं बोलू. माझी सगळी नोकरी कारखान्यातल्या हवेच्या लाइनी सांभाळण्यात गेली, त्यामुळे या विषयावर मला ठाम बोलता येतं. सामना साधारण तीन मिनिटांचा असतो. त्याआधी यंत्राची तपासणी होते, मैदानावर पंच असतात, प्रेक्षक लांब असतात, यंत्र हातभर अंतरावरून चालवलं जात नाही. आता तुमचं वर्कशॉप डोळ्यांसमोर आण. रात्रीचे दोन वाजलेत, कोणाच्या पायात चपला आहेत, डोळ्यांवर झोप आहे, नळी कुठून सुटते ते बघायला एक जण टाकीवर वाकलाय आणि दुसरा लॅपटॉपवरून कोड चालवून बघतोय. स्पर्धेतल्या तीन मिनिटांसाठी तुम्ही महिनोन्‌महिने अशा रात्री काढता. दाबाखालच्या टाकीजवळ माणूस सर्वांत जास्त वेळ असतो तो तिथे. मग मर्यादेची जास्त गरज कुठे आहे? परीक्षक नसतात तिथेच.

आता आकडे बघ, कारण तुझे मित्र इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आहेत, त्यांना आकड्यांनीच पटेल. दोन लिटरच्या बाटलीत सहा बार हवा भरली, तर ती एकदम मोकळी झाली असता सुमारे १५०० ज्यूल ऊर्जा बाहेर पडते. दहा किलोचा दगड पाचव्या मजल्यावरून खाली पडला तर जमिनीवर आदळताना त्याच्यात साधारण एवढीच ऊर्जा असते. तुमच्या यंत्रावर अशा तीन बाटल्या आहेत. आता आठ बार भरा. दाब एक तृतीयांश वाढला, पण साठलेली ऊर्जा जवळपास दीडपट होते. हवेचा हाच स्वभाव समजून घ्यायला हवा. ती स्प्रिंगसारखी दबते आणि दबताना कामाचा साठा करून ठेवते, आणि तो साठा दाबाच्या प्रमाणापेक्षा वेगाने वाढतो.

त्याच बाटलीत हवेऐवजी काठोकाठ पाणी भरून त्याचा दाब सहा बारपर्यंत नेला, तर पाण्यात साठलेली ऊर्जा एका ज्यूलचीही भरत नाही. पाणी जवळजवळ दबतच नाही. म्हणून कोणतीही टाकी किंवा पाइपलाइन तपासायची असली की जाणता माणूस ती पाण्याने तपासतो. पाण्याच्या दाबाखाली टाकी फाटली तर फटकन आवाज होतो, कपडे भिजतात, संपलं. हवेच्या दाबाखाली फाटली तर तुकडे उडतात. 'आठ बार भरून बघू, टिकली तर टिकली' अशी चाचणी तुझे मित्र करू पाहताहेत, ती नेमकी उलट्या बाजूने आहे. टाकीची ताकद बघायची तर पाण्याने बघा, आणि आत हवेचा बुडबुडासुद्धा राहू देऊ नका.

पीव्हीसीचा विषय मी दोन ओळींत संपवतो, कारण त्यावर चर्चेला जागाच नाही. पीव्हीसी पाइप पाण्यासाठी आहे. त्याच्यावर छापलेला दाब पाण्याचा असतो, आणि तो वाचून हवा भरणं हीच मोठी फसगत. पीव्हीसी फुटताना काचेसारखं फुटतं, धारदार कपच्या उडतात. थंडीत, उन्हात राहून पाइप जुना झाल्यावर किंवा एक ठोका बसल्यावर तर आणखीच ठिसूळ होतो. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने, ज्याला ओशा म्हणतात, १९८८ सालीच उघड्यावरच्या कॉम्प्रेस्ड हवेच्या लाइनीसाठी पीव्हीसी वापरू नका असा इशारा काढला होता. त्या मुलाला सांग, पैसे वाचवायचे असतील तर मोटारीत वाचव, टाकीत नाही.

आणि रोबोकॉनचं नियमपुस्तक नीट वाच. गेल्या काही वर्षांच्या पुस्तकांत म्हटलंय, की कॉम्प्रेस्ड हवा वापरायची तर त्याच कामासाठी बनवलेली टाकी वापरा, किंवा अगदी नव्यासारख्या स्थितीतली प्लास्टिकची बाटली योग्य रीतीने बसवून वापरा. म्हणजे सोड्याच्या बाटलीला परवानगी आहे, घरी बनवलेल्या टाकीला नाही. हा भेद मला फार शहाणपणाचा वाटतो. सोड्याची बाटली गॅसचा दाब धरण्यासाठीच बनते, कारखान्यातून लाखोंनी एकसारखी निघते, आणि ज्या मुलांकडे टाकीचे पैसे नाहीत त्यांनाही ती मिळते. गरीब कॉलेजला स्पर्धेबाहेर न ठेवता धोका कमी करायचा हा विचार त्यामागे मला दिसतो. पण 'नव्यासारखी' या अटीवर मुलं घाईत उडी मारून पुढे जातात. बाटलीवर ओरखडा, चुणी किंवा पांढुरकी रेघ दिसली की ती बाटली संपली. साध्या पाण्याची बाटली चालणार नाही, गॅसच्या पेयाचीच हवी. उन्हात गाडीच्या काचेमागे ठेवलेली नको. सत्तर अंशांच्या आसपास ते प्लास्टिक मऊ पडायला लागतं, म्हणून मोटार ड्रायव्हरच्या तापणाऱ्या पट्टीला खेटून बाटली बांधू नका आणि तिच्याशेजारी सोल्डरिंग करू नका. तिच्यावर टीमचं नावही रंगवू नका.

रंगाचं हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. अमेरिकेत फर्स्ट नावाची संस्था शाळकरी मुलांसाठी १९९२ पासून मोठ्या रोबोंची स्पर्धा घेते, तिच्या नियमांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. हवेच्या कोणत्याही भागाला रंग लावायचा नाही, कानस मारायची नाही, यंत्रावर कापायचा नाही, घासून पातळ करायचा नाही. केलात तर तो भाग बाद. नळी मात्र हवी तेवढी कापा, तयार आटे वापरून जोडा, चिठ्ठी चिकटवा. हे वाचून पहिल्यांदा चिडायला होतं. सिलिंडरच्या टोकावरचं दोन मिलिमीटर अॅल्युमिनियम उडवलं तर वजन कमी होणार असतं, आणि तेवढंच नेमकं करायचं नसतं. पण विचार कर, बनवणाऱ्याने त्या भिंतीची जाडी हिशेब करून ठेवली आहे. तू ती घासलीस की त्याच्यावर छापलेला आकडा खोटा झाला, आणि तो खोटा झाल्याचं बाहेरून कोणालाच दिसत नाही. रंगाखाली तडा दिसत नाही तसंच.

त्या स्पर्धेचे बाकीचे नियमही एकदा बघ, तुला त्यांतून शिकायला मिळेल. तिथे साठवलेल्या हवेचा दाब १२० पीएसआयपर्यंत, म्हणजे सुमारे सव्वाआठ बारपर्यंत चालतो. तुमच्या सहापेक्षा जास्त! हे तुझ्या मित्रांच्या हाती लागलं तर ते उड्या मारतील, म्हणून पुढचंही सांग. काम करणाऱ्या बाजूला दाब ६० पीएसआयच्या, म्हणजे सुमारे चार बारच्या वर जाऊ द्यायचा नाही. यंत्रावर कॉम्प्रेसर एकच, तोही मिनिटाला १.१ घनफुटांपेक्षा जास्त हवा न देणारा. १२५ पीएसआयला आपोआप उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह. दाब भरला की कॉम्प्रेसर बंद करणारा स्विच. दोन्ही बाजूंना वाचता येईल असं गेज. सगळी हवा हाताने सोडून देता येईल असा व्हॉल्व्ह, तोही सहज दिसेल आणि हात पोचेल अशा जागी. नळी पाव इंचाची, त्याहून जाड नाही. म्हणजे त्यांनी आकडा थोडा सैल ठेवला, पण त्याच्याभोवती इतके पहारे बसवले. तुमच्याकडे आकडा घट्ट आहे, पहारे बसवणं मात्र बरंचसं तुमच्यावर सोडलंय. व्हेक्सच्या स्पर्धेत अनेक हंगाम असा नियम आहे की दोनच छोट्या टाक्या, १०० पीएसआय, त्याही सामन्याआधी बाहेरून भरून आणायच्या. फर्स्टच्याच लहान रोबोंच्या स्पर्धेत तर हवा साठवणारं काही चालतच नाही. तिथे बारा वर्षांची मुलंही असतात, आणि मला ती बंदी पूर्ण मान्य आहे. बारा वर्षांच्या मुलाने आधी मोटार आणि गिअर शिकावेत, हवा कुठे पळून जात नाही.

आता जे सांगणार आहे त्यासाठी खरं म्हणजे हे सगळं पत्र लिहितोय. तुमच्या यंत्रावर लाल बटण आहे. इमर्जन्सी स्टॉप. तुम्ही सगळे धरून चाललायत की ते दाबलं की यंत्र थांबलं. मोटारीच्या बाबतीत ते खरं आहे. हवेच्या बाबतीत नाही.

लाल बटण वीज तोडतं, हवा तोडत नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत एका कॉइलचा, स्प्रिंगने परत येणारा सॉलेनॉइड व्हॉल्व्ह दिसतोय. त्याची वीज गेली की आतली स्प्रिंग व्हॉल्व्हला मूळ जागी ढकलते, टाकीत हवा असतेच, आणि बाहेर आलेला दांडा पूर्ण दाबाने आत ओढला जातो. म्हणजे कोणाचं बोट अडकलं आणि घाबरून तुम्ही लाल बटण दाबलंत, तर यंत्राची पुढची हालचाल त्या बटणानेच घडवून आणली असं होईल. ती हालचाल बोट सोडवणारी आहे की चिरडणारी, हे तुम्ही नळ्या कशा जोडल्यात यावर ठरतं. आज संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रत्येक सिलिंडरपुढे उभं राहून हा एकच प्रश्न विचारा: आत्ता वीज गेली तर हा कुठे जाईल? उत्तर कागदावर लिहा. मग दाब दोन बारवर आणून, सगळे मागे सरकून, खरंच बटण दाबून बघा.

दोन कॉइलचा व्हॉल्व्ह वीज गेल्यावर जिथे आहे तिथेच राहतो, म्हणून तो बरा असं तुला वाटेल. कधी बरा असतो. पण दांडा अर्ध्या वाटेत असला तर तो वीज गेल्यावरही आपली वाट पूर्ण करतो, कारण हवा तशीच चालू असते. तीन जागांचा, मध्ये सगळी दारं बंद करणारा व्हॉल्व्हही मिळतो. तो दांडा अधेमधे थांबवतो, पण सिलिंडरच्या दोन्ही बाजूंना हवा कोंडून ठेवतो. मग टाकी रिकामी केली, गेज शून्यावर आलं, आपण निर्धास्तपणे फिटिंग सोडायला गेलो, आणि सिलिंडरमधली कोंडलेली हवा तोंडावर! गेज टाकीचा दाब सांगतं, सिलिंडरमधला सांगत नाही. म्हणून गेज शून्यावर आल्यावरही दांडा हाताने हलवून बघायचा. तो मोकळा सरकला तरच पाना उचलायचा. रबरासारखा परत ढकलत असला तर आत हवा आहे. आणि हवेच्या जोरावर वर उचलून धरलेला यंत्राचा हात हवा सोडताच खाली कोसळतो, तेव्हा तो आधी टेकवा किंवा खाली लाकूड द्या, मगच हवा सोडा.

यातला कोणता व्हॉल्व्ह योग्य, याचं एक उत्तर नाही. पकड असेल तर वीज गेल्यावर धरलेली वस्तू सुटणं बरं की धरून राहणं बरं, ते तुमच्या यंत्राला विचारावं लागेल. फेकणाऱ्या हाताला मात्र मी सांगेन की वीज गेल्यावर तो फेकण्याच्या दिशेने कधीही जाता कामा नये, मागेच गेला पाहिजे. २०२२ मध्ये दिल्लीला रोबोकॉन झाली तेव्हा खेळ लगोरीचा होता, चेंडू फेकून थर पाडायचा. अशा खेळात फेकणाऱ्या हातासमोर कोणीतरी चेंडू भरायला वाकलेला असतोच.

लगाम घालण्याचं तू म्हणतेस त्याबद्दल मला जास्त उत्साहाने लिहायचंय, कारण सहा बारच्या आत किती मोकळं रान आहे ते तुला अजून दिसलेलं नाही.

तुमचा सिलिंडर ३२ मिलिमीटर बोअरचा आहे. सहा बारला तो साधारण ४८० न्यूटन, म्हणजे ४९ किलोंचा जोर देतो. तुम्हाला ६५ किलो हवेत, म्हणून आठ बारची भूक. पण ४० मिलिमीटरचा सिलिंडर लावलात तर त्याच सहा बारला ७७ किलो मिळतात. इतकंच नाही, तो चार बारलासुद्धा ५१ किलो देतो, म्हणजे तुमच्या आत्ताच्या सिलिंडरला सहा बारला जेवढा जोर मिळतो त्याहून थोडा जास्तच. वजन जरा वाढेल, ते तेवढं दुसरीकडे कमी करता येईल.

चार बारचा मुद्दा मी उगाच काढलेला नाही. तुम्ही टाकीतून सरळ सिलिंडरला हवा देताय, मध्ये रेग्युलेटर नाही. दोन लिटरची एक बाटली, ३२ चा सिलिंडर, १०० मिलिमीटरचा स्ट्रोक धरून हिशेब कर. एकाच दिशेचे दहा स्ट्रोक झाले की टाकीतला दाब सहावरून सुमारे पावणेचारवर येतो, जोर ४९ किलोंवरून तीसवर. पहिला चेंडू निशाणाच्या वरून जाणार आणि दहावा अलीकडे पडणार, मग तुम्ही सॉफ्टवेअरवाल्याला दोष देत बसणार! टाकीत सहा बार ठेवा, मध्ये रेग्युलेटर लावून कामाला चार बार द्या, आणि चार बारलाच जोर पुरेल असा सिलिंडर निवडा. मग टाकी चारवर येईपर्यंत प्रत्येक फेक सारखी. ५१ किलोंवर भागत असेल आणि ४० चा सिलिंडर लावला तर एका दोन लिटरच्या बाटलीत असे पूर्ण ताकदीचे सहा स्ट्रोक बसतात, तीन बाटल्यांत एकोणीस. परतीच्या स्ट्रोकलाही हवा लागते, पण परत येताना काही उचलायचं नसतं, म्हणून त्या बाजूला वेगळा रेग्युलेटर लावून दोनच बार द्या, बरीच हवा वाचेल. अमेरिकेतली ती १२० आणि ६० ची जोडी याच विचारावर उभी आहे. साठा वर, काम खाली. तिथल्या मुलांना हे नियमानेच करावं लागतं, तुम्हाला समजून करावं लागेल.

वेगाचंही तसंच. फेक मंद वाटली की पहिला हात रेग्युलेटरच्या टोपीकडे जातो. बहुतेक वेळा दाब पुरेसा असतो, वाट अरुंद असते. सहा मिलिमीटरची नळी, आतून चारची, व्हॉल्व्हपासून सिलिंडरपर्यंत मीटरभर गुंडाळलेली. तुमच्या फोटोत ती तशीच दिसते. त्या नळीतच प्रत्येक स्ट्रोकला साडेबारा मिलिलिटर हवा फुकट भरावी लागते, सिलिंडर मात्र ऐंशी मिलिलिटरचा. व्हॉल्व्ह उचलून सिलिंडरशेजारी बसवा. सिलिंडरच्या तोंडाशी क्विक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लावा, म्हणजे पुढची हवा सगळी नळी फिरून न जाता तिथल्या तिथे बाहेर पडेल आणि दांडा मोकळा धावेल. सायलेन्सर धुळीने चोंदलाय का बघा. एवढं करून पुन्हा वेग मोजा, आणि आठ बार मागणाऱ्या मित्राला तो आकडा दाखवा.

हे सगळं मला सुचतंय ते मर्यादेमुळेच. दाब वाढवायची मोकळीक असती तर तुमच्यापैकी कोणीच नळीची लांबी मोजली नसती. २००८ मध्ये रोबोकॉनची आंतरराष्ट्रीय स्पर्धा आपल्या पुण्यात झाली, गोविंदाच्या दहीहंडीवर बेतलेला खेळ होता, आणि जिंकली चीनची शिआन जिआओतोंग युनिव्हर्सिटी. २०१४ मध्ये पुन्हा पुण्यात झाली तेव्हा व्हिएतनामच्या लाक होंग युनिव्हर्सिटीने बाजी मारली. नियमपुस्तक सगळ्यांना एकच होतं. त्याच्या आत राहून कोण किती खोल शिरलं, यावर निकाल लागला.

नियम कुठून येतात याचं एक उदाहरण तुझ्या टीमला सांग. २० मार्च १९०५ रोजी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ब्रॉकटन गावी ग्रोव्हर नावाच्या बुटांच्या कारखान्यात बॉयलर फुटला. ५८ माणसं गेली. त्यानंतर १९०७ मध्ये त्या राज्याने बॉयलरचा कायदा केला, आणि अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेने बॉयलर कसा बांधावा याची पहिली संहिता १९१४ ची म्हणून काढली. तिचीच पुढची रूपं आज जगभर दाबाच्या टाक्यांसाठी वापरतात. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ३१ होतं, ठरलेला सुरक्षित दाब ओलांडला जाणार नाही याची तजवीज करा असं सांगणारं. ते कलम कामगाराच्या अंगावर घातलेलं नव्हतं. जबाबदारी कारखाना चालवणाऱ्याची. तुझ्या वर्कशॉपमध्ये चालवणारी तू आहेस.

म्हणून कप्तान या नात्याने एक गोष्ट आत्ताच ठरव. तपासणी झाल्यावर, सामन्याच्या दहा मिनिटं आधी, कोणीतरी हळूच म्हणेल की रेग्युलेटर अर्धा फेरा फिरवू, कोणाला कळतंय. त्या क्षणी तुझ्याकडे विचार करायला वेळ नसेल, म्हणून उत्तर आधीच तयार हवं. आपण फिरवत नाही. रेग्युलेटर ठरलेल्या दाबावर आणून त्याची टोपी खाली दाबून लॉक करा, वर कागदी पट्टी चिकटवून दोघांच्या सह्या घ्या. सेफ्टी व्हॉल्व्हचा स्क्रू तर कोणीच हाताळायचा नाही. तो सारखा फुसफुसतो म्हणून आवळणारे महाभाग मी पाहिलेत. तो फुसफुसतोय याचा अर्थ तो काम करतोय आणि दाब कुठेतरी जास्त होतोय. जास्त का होतोय ते शोधायचं.

आणि टीममधल्या सर्वांत लहान मुलालासुद्धा 'थांबा' म्हणायचा अधिकार दे. पहिल्या वर्षाचा मुलगा म्हणाला की मला नळी सुटल्यासारखी वाटते, तर चौथ्या वर्षाच्या मुलांनी हसायचं नाही, हवा सोडून बघायचं. त्यात दहा मिनिटं जातील. जाऊ देत. मागे वर्कशॉपमध्ये कोणीतरी गमतीने एकमेकांच्या अंगावर हवेची नळी धरतं असं तू हसत लिहिलंयस. ते आजपासून बंद. कॉम्प्रेस्ड हवा डोळ्यात, कानात, जखमेतून कातडीखाली जाऊ शकते. ओशाच्या नियमात साफसफाईसाठी वापरायच्या हवेलाही ३० पीएसआयच्या आतली मर्यादा आहे. तुम्ही त्याच्या तिप्पट दाबाशी खेळताय.

पूर्वी राष्ट्रीय फेरी बालेवाडीत व्हायची, तेव्हा इथली मुलं यंत्र टेम्पोत घालून तासाभरात पोचायची. आता दिल्लीचा प्रवास आहे. निघताना टाक्या रिकाम्या, नळ्या सुट्या, बाटल्या वेगळ्या खोक्यात. तिथे पोचल्यावर बाटल्या नव्याच लावा, प्रवासातल्या धक्क्यांचा हिशेब कोण ठेवणार.

तुमच्या हवेच्या सर्किटचा कागद काढून मला पाठव. टाकी, गेज, सेफ्टी व्हॉल्व्ह, हवा सोडायचा व्हॉल्व्ह, रेग्युलेटर, दुसरं गेज, सॉलेनॉइड व्हॉल्व्ह, सिलिंडर, या क्रमाने, आणि प्रत्येकाशेजारी त्याच्यावर छापलेला कमाल दाब. छापलेला सापडला नाही तर तो भाग वापरायचा नाही. जुन्या बाजारातून सिलिंडर आणलात तर एकवेळ चालेल, सील बदलून घ्या, टाकी मात्र जुनी आणू नका.

या रविवारी मी कॉलेजवर येतो. प्लंबर पाइपलाइन तपासायला वापरतात तो हातपंप घेऊन येईन. ज्या खोक्यातल्या बाटल्या वापरणार आहात त्यातल्या तीन बाजूला काढून ठेव, त्या पाण्याने फुटेपर्यंत भरून बघू, म्हणजे सहा बारच्या वर नक्की किती जागा शिल्लक आहे ते सगळ्यांना कळेल. चाचणीतल्या बाटल्या पुन्हा वापरायच्या नाहीत, हे आधीच सांगून ठेव. बादली, फडकी आणि प्रत्येकासाठी गॉगल तयार ठेव. पीव्हीसीवाल्या मुलालाही नक्की बोलाव, पंप त्यालाच मारायला देऊ.

तुझा,
मामा